हॉकी, व्यावसायिक : खेळाडूंच्या संघटना व करारसमाप्ती

व्यावसायिक हॉकीपटूंनी आपले वेतन, निवृत्तिवेतन आणि करारातील हक्क यांच्या संरक्षणासाठी उभारलेल्या संघटना, तसेच खेळाडूंचे करार संपुष्टात आणण्याबाबत त्यांच्या प्रयत्नांतून रूढ झालेले नियम. भारतात ‘हॉकी’ या शब्दाने मैदानी हॉकीचाच बोध होतो व तो खेळ दीर्घकाळ हौशी स्वरूपाचाच राहिला. कॅनडात आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र या शब्दाने बर्फावरील हॉकी अभिप्रेत असते. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभापासून हा खेळ उपजीविकेचा व्यवसाय बनला व त्याबरोबरच मालक आणि खेळाडू यांच्यातील संबंधांचा प्रश्नही निर्माण झाला. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः ‘नॅशनल हॉकी लीग’ (यापुढे ‘लीग’) या प्रमुख स्पर्धासंस्थेतील घडामोडींचा परामर्श घेतला आहे.

कराराचे स्वरूप : सामान्य नोकरदाराला एका मालकाची नोकरी सोडून दुसऱ्याकडे जाता येते. व्यावसायिक हॉकीपटूला मात्र हा मार्ग दीर्घकाळ बंद होता. त्याच्या करारात एक ‘राखीव कलम’ असे. कराराची मुदत संपली, तरी त्या खेळाडूला पुढील हंगामासाठी राखून ठेवण्याचा अधिकार या कलमान्वये संघाला मिळे आणि लीगमधील अन्य संघ त्याच्याशी बोलणी करीत नसत. याउलट संघाला त्या खेळाडूची दुसऱ्या संघाशी अदलाबदल करणे, त्याला कमी वेतनाच्या दुय्यम लीगमध्ये पाठविणे, निलंबित करणे किंवा त्याची सेवाच संपुष्टात आणणे हे सर्व मार्ग मोकळे असत. अशा रीतीने एकच करार खेळाडूला आजन्म बांधणारा, पण मालकाला हवा तेव्हा सोडता येण्याजोगा होता. हा एकतर्फीपणा दूर करण्याचा प्रयत्न हेच खेळाडूंच्या संघटनांच्या इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

आरंभीचे प्रयत्न : लीगची पूर्ववर्ती संस्था ‘नॅशनल हॉकी असोसिएशन’ १९०९ मध्ये स्थापन झाली. वेतनावरील खर्च वाढू लागताच १९१०-११ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर ५,००० डॉलरांची मर्यादा घालण्यात आली. आर्ट रॉस (१८८५–१९६४) प्रभृती खेळाडूंनी तीस विरोध केला व स्वतःची स्वतंत्र लीग काढण्याचा विचार मांडला. तथापि बर्फाची क्रीडागृहे मालकांच्या ताब्यात असल्याने तो तडीस गेला नाही. क्रीडागृहावाचून हॉकी नाही आणि क्रीडागृह मालकांवाचून नाही, हे व्यवसायाचे वास्तव या प्रसंगी प्रथम स्पष्ट झाले. २६ नोव्हेंबर १९१७ रोजी माँट्रिऑल येथे नव्या लीगची स्थापना झाली. १९२६ मध्ये पश्चिम कॅनडातील प्रतिस्पर्धी लीग बंद पडल्यावर तर अव्वल दर्जाच्या खेळाडूला दुसरा आश्रयच उरला नाही.

हॅमिल्टनचा संप : लीगमधील पहिला उल्लेखनीय संप १९२५ मध्ये घडला. १९२४-२५ च्या हंगामात सामन्यांची संख्या २४ वरून ३० करण्यात आली होती. त्या हंगामात ‘हॅमिल्टन टायगर्स’ हा संघ गुणतक्त्यात अग्रस्थानी राहिला. वाढीव सामन्यांबद्दल प्रत्येकी २०० डॉलर मिळाल्याखेरीज अंतिम फेरीत खेळणार नाही, अशी भूमिका त्याच्या खेळाडूंनी घेतली. कर्णधार शॉर्टी ग्रीन हा त्यांचा प्रवक्ता होता. खेळाडू कराराने हंगामाच्या अखेरपर्यंत बांधील आहेत, असे व्यवस्थापनाचे म्हणणे होते. लीगचे अध्यक्ष फ्रँक कॅल्डर यांनी तडजोड नाकारली, सर्व खेळाडूंना निलंबित केले आणि प्रत्येकास २०० डॉलर, म्हणजे मागितलेल्या रकमेइतकाच, दंड केला. टोराँटोवर मात करणाऱ्या माँट्रिऑलच्या संघास विजेता ठरविण्यात आले. पुढे हॅमिल्टनच्या खेळाडूंचे करार ७५,००० डॉलरांना नव्या ‘न्यूयॉर्क अमेरिकन्स’ संघाला विकले गेले. हॅमिल्टन शहराला त्यानंतर लीगचा संघ पुन्हा लाभला नाही. या खेळाडूंच्या पाठीशी संघटना नव्हती. त्यांची एकजूट एकाच संघापुरती मर्यादित होती आणि त्यामुळे तो संघच मोडून टाकणे मालकांना शक्य झाले.

सहा संघांचा काल : १९४२ ते १९६७ या पंचवीस वर्षांत माँट्रिऑल, टोराँटो, बॉस्टन, न्यूयॉर्क, डिट्रॉइट व शिकागो असे सहाच संघ लीगमध्ये होते. प्रत्येकी सुमारे वीस खेळाडू धरले, तर संपूर्ण उत्तर अमेरिकेत या दर्जाच्या सव्वाशेही जागा नव्हत्या. दुय्यम लीगांत मात्र त्या जागांवर डोळा ठेवून असलेले शेकडो खेळाडू होते. त्यामुळे वेतनाबद्दल तक्रार करणाऱ्याला खालच्या लीगमध्ये पाठविण्याची नुसती धमकी पुरेशी ठरे. होतकरू खेळाडूंना किशोरवयातच ‘सी-फॉर्म’ या करारपत्रावर सही करावी लागे व तीमुळे त्यांच्या व्यावसायिक सेवेवरील हक्क एकाच संघाकडे जात. पुढे विख्यात झालेल्या बॉबी ऑरने १९६२ मध्ये बॉस्टन संघाशी अशा प्रकारे करार केला, तेव्हा तो अवघा चौदा वर्षांचा होता. सहकाऱ्यांना किती वेतन मिळते, हेही खेळाडूंना ठाऊक नसे. वेतनाची बोलणी प्रत्येक जण एकेकटा व बहुधा कोणाच्याही साहाय्याविना करी.

लीगने १९४७ मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू केला. त्यात प्रत्येक खेळाडूस वर्षाला ९०० डॉलर भरावे लागत. मालकांचा वाटा मुख्यतः निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्याच्या उत्पन्नातून व अंतिम फेऱ्यांच्या तिकिटांवरील अधिभारातून येई. निधीचा तपशीलवार हिशेब मात्र खेळाडूंना मिळत नसे. याच प्रश्नातून पहिली खरी संघटना जन्मास आली.

१९५७ ची संघटना : डिट्रॉइटचा टेड लिंझी (१९२५–२०१९) आणि माँट्रिऑलचा डग हार्वी (१९२४–८९) हे परस्परांचे कट्टर प्रतिस्पर्धी होते. विरुद्ध संघांतील खेळाडूंनी एकमेकांशी मैत्री ठेवू नये, अशी त्या काळची रीत होती. तथापि निवृत्तिवेतनाच्या हिशेबाबद्दलच्या असमाधानाने हे दोघे एकत्र आले. बेसबॉल खेळाडूंचे काम पाहिलेल्या न्यूयॉर्कमधील वकिलांचा सल्ला घेऊन त्यांनी सहाही संघांतील खेळाडूंशी गुप्तपणे संपर्क साधला. फेब्रुवारी १९५७ मध्ये ‘नॅशनल हॉकी लीग प्लेअर्स असोसिएशन’च्या स्थापनेची घोषणा झाली. लिंझी तिचा अध्यक्ष होता, तर टोराँटोचा जिमी टॉमसन, बॉस्टनचा फर्न फ्लॅमन, न्यूयॉर्कचा बिल गॅड्सबी व शिकागोचा गस मॉर्टसन हे अन्य प्रमुख होते. लीगमधील जवळजवळ सर्व खेळाडूंनी सभासदत्व पतकरले. किमान वेतन, निधीचा हिशेब, दूरचित्रवाणीच्या उत्पन्नातील वाटा आणि अदलाबदल झाल्यास स्थलांतराचा खर्च या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. त्यांत क्रांतिकारक असे काही नव्हते.

मालकांनी संघटनेशी बोलणी करण्याऐवजी संघटकांना वेगळे पाडण्याचा मार्ग पतकरला. १९५६-५७ च्या हंगामात लिंझीने ३० गोल व ५५ साहाय्ये अशा ८५ गुणांची कमाई केली होती व ती त्याच्या कारकीर्दीतील सर्वोच्च होती. असे असूनही जुलै १९५७ मध्ये डिट्रॉइट संघाने त्याला गोलरक्षक ग्लेन हॉल याच्यासह शिकागोकडे धाडून दिले. शिकागो हा त्या वेळी लीगमधील सर्वांत दुबळा संघ होता. टोराँटोच्या टॉमसनचीही तेथेच रवानगी झाली. या खेळाडूंचे करार संपुष्टात आणलेले नव्हते. त्यांचा भंगही झाला नव्हता. अदलाबदलीचा करारसिद्ध अधिकारच शिक्षेचे साधन म्हणून वापरला गेला आणि म्हणूनच त्याविरुद्ध दाद मागण्यास जागा नव्हती.

संघटनेने ऑक्टोबर १९५७ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्यान्वये ३० लक्ष डॉलरांचा दावा लावला. टोराँटोच्या खेळाडूंसाठी तिने आँटॅरिओच्या कामगार मंडळाकडे मान्यतेचा अर्जही केला. तथापि नोव्हेंबरमध्ये डिट्रॉइटच्या खेळाडूंनी संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. त्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू गॉर्डी हौ (१९२८–२०१६) हा याच संघात होता. डिट्रॉइटने माघार घेतल्यावर संघटनेचा कणा मोडला. फेब्रुवारी १९५८ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. ७,००० डॉलरांचे किमान वेतन, निवृत्तिवेतनात वाढ व स्थलांतराचा खर्च या गोष्टी मालकांनी मान्य केल्या, परंतु संघटनेला मान्यता मिळाली नाही व ती विसर्जित झाली. मागण्यांपैकी काही पदरात पडल्या, पण त्या टिकवून धरणारी यंत्रणा मात्र नाहीशी झाली. निधीचा हिशेबही गुलदस्त्यातच राहिला व त्याची परिणती पुढे पस्तीस वर्षांनी दिसून आली.

स्प्रिंगफील्ड आणि १९६७ ची संघटना : संघटनेच्या पुनरुज्जीवनास दुय्यम दर्जाच्या एका संघातील असंतोष कारणीभूत ठरला. ‘अमेरिकन हॉकी लीग’मधील स्प्रिंगफील्ड संघाचा मालक एडी शोर (१९०२–८५) हा स्वतः एके काळचा श्रेष्ठ खेळाडू होता, पण मालक म्हणून त्याची कठोरता कुप्रसिद्ध होती. डिसेंबर १९६६ मध्ये त्याने तीन खेळाडूंना विनावेतन निलंबित केले व संपूर्ण संघाने खेळण्यास नकार दिला. खेळाडूंनी टोराँटोचे तरुण वकील ॲलन ईगलसन (१९३३– ) यांना पाचारण केले. त्यांनी बॉबी ऑरच्या वतीने त्याच वर्षी बॉस्टनशी मोठ्या वेतनाचा करार घडवून आणल्यामुळे त्यांचे नाव झाले होते. जानेवारी १९६७ मध्ये शोरला संघाच्या कारभारातून बाजूला व्हावे लागले. हॅमिल्टनच्या खेळाडूंना जे साधले नव्हते, ते बेचाळीस वर्षांनी एका दुय्यम संघाने साधले.

जून १९६७ मध्ये लीगच्या मालकांनी नव्या खेळाडू संघटनेस मान्यता दिली. टोराँटोचा बॉब पुलफर्ड तिचा पहिला अध्यक्ष व ईगलसन कार्यकारी संचालक झाले. त्याच वर्षी लीगमधील संघांची संख्या सहावरून बारा झाली. जागा दुप्पट झाल्याने खेळाडूची सौदाशक्ती आपोआप वाढली. दुय्यम लीगांतील खेळाडूंची ‘प्रोफेशनल हॉकी प्लेअर्स असोसिएशन’ ही स्वतंत्र संघटनाही याच वर्षी उदयास आली.

प्रतिस्पर्धी लीग व राखीव कलमाचा ऱ्हास : राखीव कलमास खरा धक्का १९७२ मध्ये सुरू झालेल्या ‘वर्ल्ड हॉकी असोसिएशन’ या नव्या लीगने दिला. विनिपेग संघाने शिकागोचा बॉबी हल (१९३९–२०२३) याच्याशी २७ लक्ष ५० हजार डॉलरांचा करार केला. जुन्या संघाने न्यायालयात धाव घेतल्याने हंगामाच्या प्रारंभीचे सामने त्याला खेळता आले नाहीत. नोव्हेंबर १९७२ मध्ये फिलाडेल्फिया येथील संघीय न्यायाधीश लिऑन हिगिनबॉटम यांनी लीगला राखीव कलमाची अंमलबजावणी करण्यास मनाई केली. खेळाडूवरील आजन्म हक्क मक्तेदारीविरोधी तत्त्वांशी विसंगत असल्याचे या निर्णयाने दाखवून दिले.

स्पर्धेमुळे वेतने झपाट्याने वाढली, तशीच करारांची अस्थिरताही वाढली. बॉस्टनचा डेरेक सँडरसन हा फिलाडेल्फियाच्या नव्या संघाकडे २६ लक्ष ५० हजार डॉलरांच्या करारावर गेला. आठच सामन्यांनंतर संघाने त्याला १० लक्ष डॉलर देऊन करारमुक्त केले व तो बॉस्टनला परतला. करार मोडावयाचा, तर त्याची किंमत मोजावी लागते, ही कल्पना अशा प्रसंगांमुळे रूढ होऊ लागली. नव्या लीगमधील अनेक संघ मात्र आर्थिक अडचणींमुळे बंद पडले. अखेरीस १९७९ मध्ये तिचे चार संघ जुन्या लीगमध्ये समाविष्ट होऊन ती संपुष्टात आली.

दरम्यान १९७५ मध्ये लीग व संघटना यांच्यात पहिला सामूहिक करार झाला. त्यानुसार मुदत संपलेल्या खेळाडूला दुसऱ्या संघाकडे जाता येऊ लागले, परंतु नव्या संघाने जुन्या संघाला समतुल्य भरपाई द्यावी, अशी अट होती. ही भरपाई दुसऱ्या खेळाडूच्या रूपानेही देता येई. १९७८ मध्ये डिट्रॉइटने लॉस अँजेल्सचा गोलरक्षक रोगी व्हाशाँ याला घेतले, तेव्हा लवादाने भरपाई म्हणून डिट्रॉइटचा तरुण खेळाडू डेल मकोर्ट याला लॉस अँजेल्सकडे देण्याचा निर्णय दिला. ज्या व्यवहाराशी आपला संबंध नाही, त्याची किंमत आपण का मोजावी, असा मकोर्टचा सवाल होता. कनिष्ठ न्यायालयाने त्याची बाजू उचलून धरली. १९७९ मध्ये अपील न्यायालयाने मात्र तो निर्णय फिरविला. ही अट संघटनेने स्वतः मान्य केलेल्या सामूहिक कराराचा भाग असल्याने मक्तेदारीविरोधी कायदा तीस लागू होत नाही, असा त्याचा आशय होता. पुढे दोन्ही संघांनी आपसांत तडजोड केल्याने मकोर्ट डिट्रॉइटमध्येच राहिला. संघटनेने दिलेली संमती तिच्या प्रत्येक सभासदाला, त्याच्या इच्छेविरुद्धही, बांधून ठेवते, हे तत्त्व या खटल्याने प्रस्थापित केले.

ईगलसन प्रकरण व निवृत्तिवेतनाचा खटला : ईगलसन यांच्या पंचवीस वर्षांच्या कारकीर्दीत संघटनेला स्थैर्य लाभले, पण तिच्या कारभारात गंभीर दोषही शिरले. ते संघटनेचे प्रमुख होते, अनेक खेळाडूंचे खाजगी प्रतिनिधी होते आणि १९७६ पासून सुरू झालेल्या ‘कॅनडा कप’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे सूत्रधारही होते. या भूमिकांचे हितसंबंध परस्परविरोधी होते. खेळाडूंची वेतने परस्परांना कळू देण्याची प्रथा १९९० च्या सुमारासच सुरू झाली. माजी खेळाडू कार्ल ब्रूअर (१९३८–२००१) याने निवृत्तिवेतनाविषयी चिकाटीने प्रश्न विचारले, तर मॅसॅचूसेट्समधील पत्रकार रस कॉनवे यांनी १९९१ पासून लेखमाला लिहून संघटनेचा कारभार उजेडात आणला.

ब्रूअर व अन्य सहा माजी खेळाडूंनी लीगविरुद्ध आँटॅरिओच्या न्यायालयात दावा लावला. निवृत्तिवेतन निधीतील शिल्लक खेळाडूंची असताना लीगने ती स्वतःची देणी भागविण्यासाठी वापरली, असा त्यांचा आरोप होता. १९९२ मध्ये न्यायालयाने खेळाडूंच्या बाजूने निर्णय दिला. १९९४ मध्ये तो अपिलात कायम झाला व कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढील अपिलास अनुमती नाकारली. माजी खेळाडूंना ४ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. सात वादींमध्ये बॉबी हल होता, तसाच गॉर्डी हौ हाही होता. १९५७ मध्ये ज्या संघाच्या माघारीने लिंझीची संघटना कोसळली, त्या संघाचा हा सर्वश्रेष्ठ खेळाडू, लिंझीने विचारलेलाच प्रश्न साठी ओलांडल्यावर न्यायालयात विचारीत होता.

जानेवारी १९९८ मध्ये ईगलसन यांनी बॉस्टन व टोराँटो येथील न्यायालयांत फसवणुकीचे आरोप मान्य केले. त्यांना अठरा महिन्यांची कारावासाची शिक्षा झाली व भरपाईदाखल १० लक्ष कॅनडियन डॉलर भरावे लागले. मालकांवर नजर ठेवण्यासाठी काढलेल्या संघटनेवरही तिच्या सभासदांची नजर असावी लागते, हा या प्रकरणाचा धडा होय.

संप व टाळेबंदी : १९९२ च्या आरंभी बॉब गुडिनाव यांनी संघटनेची सूत्रे हाती घेतली. एप्रिल १९९२ मध्ये खेळाडूंनी दहा दिवसांचा संप केला. लीगच्या इतिहासातील हा पहिलाच सार्वत्रिक संप होय. यानंतर शस्त्र मालकांच्या हाती गेले. १९९४-९५ मधील टाळेबंदीमुळे हंगाम ४८ सामन्यांवर आला. १६ सप्टेंबर २००४ पासूनची टाळेबंदी वेतनमर्यादेच्या प्रश्नावर होती. १६ फेब्रुवारी २००५ रोजी संपूर्ण हंगाम रद्द झाल्याचे घोषित करण्यात आले. कामगार-तंट्यापायी सबंध हंगाम गमावणारी ही उत्तर अमेरिकेतील पहिली प्रमुख व्यावसायिक लीग ठरली. जुलै २००५ मधील समझोत्याने प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर ३ कोटी ९० लक्ष डॉलरांची मर्यादा आली आणि चालू करारांतील वेतनात सरसकट २४ टक्के कपात झाली. कोणत्याही एका मालकाला एका खेळाडूच्या वेतनात परस्पर अशी कपात करता आली नसती. संघटनेच्या संमतीने मात्र ती सर्वांच्या बाबतीत एकाच वेळी झाली. मकोर्ट खटल्यातील तत्त्वाचाच हा व्यापक आविष्कार होता. या पराभवानंतर गुडिनाव यांनी राजीनामा दिला. त्यांच्यामागून आलेल्या दोन प्रमुखांना अनुक्रमे २००७ व २००९ मध्ये दूर करण्यात आले. २०१० मध्ये बेसबॉल संघटनेचे माजी प्रमुख डॉनल्ड फेअर यांची निवड झाली. २०१२-१३ च्या टाळेबंदीनंतर उत्पन्नातील खेळाडूंचा वाटा निम्म्यावर आला. २०२३ मध्ये मार्टी वॉल्श संघटनेचे प्रमुख झाले व २०२५ मध्ये उभय पक्षांनी टाळेबंदीविना नवा करार केला. त्याची मुदत सप्टेंबर २०२६ पासून चार वर्षांची ठरली.

करारसमाप्तीचे नियम : सामूहिक करारांमुळे लीगमधील करार सामान्यतः हमीचे मानले जातात. खेळ खालावला, म्हणून संघाला वेतन थांबविता येत नाही. करार संपविण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग मोबदला देऊन करारमुक्तीचा होय. यात उर्वरित वेतनाचा दोन-तृतीयांश भाग (खेळाडू २६ वर्षांखालील असल्यास एक-तृतीयांश) उर्वरित मुदतीच्या दुप्पट काळात विभागून द्यावा लागतो. दुखापतग्रस्त खेळाडूला या मार्गाने मुक्त करता येत नाही. दुसरा मार्ग परस्परसंमतीचा असून यूरोपात खेळू इच्छिणारे खेळाडू त्याचा अवलंब करतात. तिसरा मार्ग करारभंगाच्या कारणावरून करार संपविण्याचा. खेळाडूने सेवा देण्यास नकार दिला किंवा वर्तनविषयक नियमांचे गंभीर उल्लंघन केले, तरच तो खुला होतो. त्यापूर्वी खेळाडूचे नाव अन्य संघांपुढे ठेवावे लागते व संघटनेला त्या निर्णयाविरुद्ध तटस्थ लवादाकडे दाद मागता येते.

या तिसऱ्या मार्गाभोवतीच अलीकडील वाद घडले आहेत. २०१५ मध्ये लॉस अँजेल्स संघाने माइक रिचर्ड्‌स याचा करार कॅनडाच्या सीमेवरील एका घटनेनंतर गंभीर करारभंगाच्या कारणाने संपविला. कराराची पाच वर्षे व २ कोटी २० लक्ष डॉलर शिल्लक होते. संघटनेने तक्रार दाखल केल्यावर काही महिन्यांत तडजोड झाली व २०३१-३२ पर्यंत हप्त्यांनी रक्कम देण्याचे संघाने मान्य केले. जानेवारी २०२२ मध्ये सॅन होसे संघाने इव्हँडर केन याचा करार कोविड-१९ विषयक नियमांच्या उल्लंघनाच्या कारणावरून संपविला. तेथेही संघटनेने तक्रार केली व त्याच वर्षी काही रक्कम देऊन तडजोड झाली. दोन्ही प्रसंगी लवादाचा अंतिम निर्णय झाला नाही, त्यामुळे ‘गंभीर करारभंग’ या शब्दांची व्याप्ती पुरती निश्चित झालेली नाही. लवादाच्या धाकाने तडजोडी होतात, हे मात्र त्यांवरून दिसते.

लवादाचा न्याय उभयपक्षी असतो. ओटावाचा ॲलेक्सी याशिन १९९९-२००० च्या हंगामात वाढीव वेतनासाठी खेळलाच नाही व करार संपल्याचे मानू लागला. संघाला एका हंगामाची सेवा देणे बाकी आहे, असा निर्णय लवादाने जून २००० मध्ये दिला. न खेळता मुदत संपत नाही, हे तत्त्व येथे मान्य झाले.

महिलांची व्यावसायिक हॉकी : महिलांच्या हॉकीत हा इतिहास फार थोड्या वर्षांत पुन्हा घडला. ‘कॅनेडियन विमेन्स हॉकी लीग’ २०१९ मध्ये बंद पडल्यावर अनेक अग्रगण्य खेळाडूंनी तत्कालीन दुसऱ्या लीगमध्ये खेळण्यास नकार देऊन स्वतःची संघटना काढली. जून २०२३ मध्ये ती दुसरी लीग, ‘प्रीमियर हॉकी फेडरेशन’, विकत घेऊन बंद करण्यात आली व तिच्यातील खेळाडूंचे करार रद्द झाले. येथे कोणाही खेळाडूने करारभंग केला नव्हता. मालकपक्षच उरला नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये सामने सुरू करणाऱ्या ‘प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीग’ने मात्र पहिला सामना खेळला जाण्यापूर्वीच खेळाडूंशी २०३१ पर्यंतचा सामूहिक करार केला. पुरुषांच्या लीगमध्ये स्थापनेपासून अशा करारापर्यंत जाण्यास ५८ वर्षे लागली होती.

मूल्यमापन : खेळाडूंच्या संघटनांमुळे वेतने वाढली, हे त्यांचे सर्वांत डोळ्यांत भरणारे यश मानले जाते. तथापि वेतनवाढीत प्रतिस्पर्धी लीग, संघांची वाढती संख्या व दूरचित्रवाणीचे उत्पन्न यांचाही वाटा होता. संघटनांचे विशेष कार्य वेगळे आहे. करार का संपविला, याचे कारण सांगण्याची व ते तिऱ्हाइतापुढे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांनी मालकांवर आणली. १९२५ मध्ये हॅमिल्टनच्या खेळाडूंवर निलंबनाची व दंडाची शिक्षा ज्या अध्यक्षाने लादली, तोच त्यांचा न्यायाधीशही होता. आज हे दोन अधिकार वेगळे झाले आहेत. या संरक्षणाच्या मोबदल्यात खेळाडूने आपल्या वैयक्तिक सौदास्वातंत्र्याचा काही भाग संघटनेकडे सोपविला आहे. अदलाबदलीचा अधिकारही बहुतांशी संघाकडेच राहिला असून त्यावर काही ज्येष्ठ खेळाडूंनाच करारातील विशेष कलमाने मर्यादा घालता येते. २०१० मध्ये खेळाडूंनी स्वतःच्या मतांनी दरवर्षी निवडावयाच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूच्या पारितोषिकास टेड लिंझीचे नाव देण्यात आले. ज्या संघटनेचा तो पहिला अध्यक्ष होता, ती वर्षभरच टिकली होती. परंतु तिने मांडलेले प्रश्नच पुढील सर्व करारांचा पाया ठरले.